सोमवारपर्यंत राजीनामा मागितलाय, सही करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अंधेरीतल्या लॉजिस्टिक्स कंपनीत ८ वर्षे ७ महिने नोकरी झाली. पद ‘असिस्टंट मॅनेजर, ऑपरेशन्स’. पगार महिना ६२,००० रुपये, त्यात बेसिक २८,०००. शुक्रवारी दुपारी एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की परफॉर्मन्स बरोबर नाही. सोमवारपर्यंत राजीनामा दिलात तर ‘सर्व देणी धरून’ दोन महिन्यांचा पगार, नाही दिलात तर काढून टाकू, आणि पुढच्या कंपनीनं विचारलं तर आम्ही काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. अपॉइंटमेंट लेटरमध्ये एक महिन्याची नोटीस आहे, शिवाय नोकरी सोडल्यावर वर्षभर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही अशी अट आहे. तुमचे सवाल दोन: असं काढता येतं का? आणि पदात ‘मॅनेजर’ असल्यामुळे लेबर कोर्टाचं दार बंदच का?

मी फोर्टात बावीस वर्षं हेच काम करतो, नोकरीच्या वादांची वकिली. निम्मे पक्षकार कंपन्या, निम्मे नोकरदार. (सॉलिसिटर ही उपाधी देशात इतरत्र फारशी उरली नाही, मुंबईत मात्र बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा अजून चालते आणि आमच्यासारखे काही जण ती पाटी लावून बसलेले आहेत.) दोन्ही बाजूंनी बसल्यामुळे तुमच्या मॅडमना शुक्रवारी कुणीतरी काय शिकवून पाठवलं असेल, याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. कधीकाळी तसं शिकवणाऱ्यांत मीही होतो.

‘काढता येतं का’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. पद्धत पाळली आणि पैसे दिले तर बहुतेकांना काढता येतं. प्रश्न असा आहे, की काढायची ताकद असलेली कंपनी तुमच्याकडे राजीनामा का मागते आहे? दया येऊन नाही. काढायचं म्हटलं की कारण कागदावर लिहावं लागतं. कारण गैरवर्तनाचं असेल तर चार्जशीट, चौकशी, साक्षीपुरावा आला. कारण कामगार कपातीचं असेल, आणि तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ असाल, तर महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार, दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई, सरकारला कळवणं, आणि त्या श्रेणीत शेवटी आलेला आधी जाईल हा नियम, एवढं सगळं मागे लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात तर कपात झालेल्या माणसाच्या नव्या कौशल्यासाठी आणखी १५ दिवसांचं वेतन मालकानं निधीत भरायचं आहे. राजीनाम्याची एक ओळ हे सगळं पुसून टाकते. एका सहीची किंमत त्यांना नीट माहीत आहे. ती तुम्हालाही माहीत असावी, म्हणून हे लिहितोय.

एक हरलेली केस सांगतो, कारण जिंकलेल्यांपेक्षा तीच जास्त आठवते. वकिलीची पहिली काही वर्षं होती. एक बाई राजीनामा दिल्यानंतर चार महिन्यांनी आल्या. जबरदस्तीनं लिहून घेतला, असं त्यांचं म्हणणं होतं आणि माझा त्यांच्यावर विश्वास होता, आजही आहे. वांद्र्याला कोर्टात उलटतपासणी सुरू झाली. ही सही तुमची ना? हो. अक्षर तुमचं? हो. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द तुमचेच? त्यांनी सांगितलेले, पण लिहिले मी. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कुणाला लेखी कळवलंत? नाही. मग समोरच्या वकिलांनी फाइलमधून एक कागद काढला. शेवटच्या दिवशी बाईंनी सगळ्या ऑफिसला पाठवलेली निरोपाची मेल. इतक्या वर्षांच्या प्रेमाबद्दल आभार, खूप शिकायला मिळालं, संपर्कात राहू, खाली हसरा चेहरा. चांगल्या घरच्या, शिष्टाचार पाळणाऱ्या बाई होत्या. तो शिष्टाचारच त्यांना नडला. त्या मेलबद्दल मीही आधी विचारलं नव्हतं. आता पहिल्या भेटीतच विचारतो.

म्हणून सोमवारी सही नको, एवढं आधी पक्कं करा. ‘विचार करायला वेळ हवा, प्रस्ताव लेखी द्या’ हे वाक्य शंभर वेळा म्हणावं लागलं तरी म्हणा. आवाज चढवू नका.

आता पैशाकडे, कारण इथे तुमची सरळसरळ फसगत होते आहे. दोन महिन्यांचा पगार म्हणजे १,२४,००० रुपये, तोही ‘सर्व देणी धरून’. तुमची ग्रॅच्युइटी किती होते, हिशेब केलात? त्यासाठी लागणारी पाच वर्षं कधीच उलटली आहेत. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ८ वर्षे ७ महिन्यांची ९ वर्षे झाली. सूत्र असं: शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. नुसत्या २८,००० बेसिकवर धरलं तरी १,४५,००० च्या वर जाते. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम भत्त्यांत दाखवली असेल तर वरचा भाग वेतनात धरला जातो. तुमच्या ६२,००० त ३४,००० भत्ते आहेत, निम्मे होतात ३१,०००, म्हणजे ३,००० परत वेतनात आले. ३१,००० वर ढोबळमानानं १,६०,९६१ रुपये होतात. पगाराची स्लिप पाहिल्याशिवाय पै-पैचा आकडा सांगणार नाही, भत्ते कोणते त्यावर थोडं इकडेतिकडे होईल. पण मुद्दा लक्षात आला असेल. ज्याला ते पॅकेज म्हणतात ते तुमच्या हक्काच्या ग्रॅच्युइटीपेक्षाही कमी आहे. आणि ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते, काढलं तरी मिळते. ठरावीक गंभीर गैरवर्तनासाठी काढलं तरच ती जप्त करता येते, आणि परफॉर्मन्स बरा नाही हे काही तसलं गैरवर्तन नव्हे. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, आणि ‘मला नको’ असं तुमच्याकडून लिहून घेतलं तरी तो हक्क जात नाही.

यात नोटिशीच्या महिन्याचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि चालू महिन्याचा पगार अजून मिळवलाच नाही. हे सगळं तुमचंच आहे. नव्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी कशीही संपली तरी राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. तडजोडीची बोलणी करायचीच तर ती या सगळ्याच्या वर काय देता, इथून सुरू होते. मी कंपनीच्या बाजूनं बसतो तेव्हा समोरच्यानं हा हिशेब वेगवेगळ्या ओळींत मांडला, की मला लगेच कळतं, हा माणूस कुणाला तरी भेटून आला आहे. त्या क्षणापासून बोलणीचा सूर बदलतो.

दुसरा सवाल, मॅनेजर असल्याचा. इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ असंच उत्तर द्यावं लागेल, पण कशावर अवलंबून ते नेमकं सांगता येतं. पाटीवर काय लिहिलंय ते कोर्ट बघत नाही. तुमचं मुख्य काम काय, ते बघतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ‘कामगार’ची व्याख्या आणि आताच्या औद्योगिक संबंध संहितेतली ‘कामगार’ची व्याख्या, दोन्हींत कुशल, तांत्रिक, परिचालनाचं, कारकुनी अशी कामं आत आहेत, व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय बाहेर. देखरेखीचं काम असेल तर पगाराची मर्यादा लागते, आधी १०,००० होती, आता १८,००० आहे. म्हणजे तुमच्या पगारात ‘सुपरवायझर’ ठरलात तर बाहेर. पण तुम्ही स्वतः हातानं काम करणारे ठरलात, तर ६२,००० काय किंवा दीड लाख काय, पगाराचा अडसर नाही. लोकांना हे पटतच नाही, त्यांना वाटतं कामगार म्हणजे निळा युनिफॉर्म. सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या डेव्हलपमेंट ऑफिसरला कामगार ठरवलं होतं, पण तो निकाल पुढे टिकला नाही. १९९४ मध्ये सँडोझच्या प्रकरणात औषध कंपन्यांचे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह या व्याख्येत बसत नाहीत असं सांगितलं. सगळं कामाच्या स्वरूपावर.

हे सिद्ध कसं होतं, ते पाहा. भिवंडीच्या गोदामातला माझा एक पक्षकार होता, पद ‘मॅनेजर, डिस्पॅच’. कंपनीचा साक्षीदार ठामपणे म्हणाला, हाताखाली बारा माणसं होती, त्यांच्या रजा हेच मंजूर करायचे. मी रजेचे जुने अर्ज पुढे केले. खाली दोन चौकटी होत्या, एक ‘शिफारस’, एक ‘मंजूर’. शिफारशीत माझ्या माणसाची सही, मंजुरीत दर वेळी हेड ऑफिसमधल्या साहेबांची. एका अर्जावर तर याची शिफारस होती आणि साहेबांनी लाल पेनानं ‘नाही’ लिहिलं होतं. साक्षीदार तो कागद बराच वेळ उलटसुलट करत बसला. दिवसभर गाड्यांच्या नोंदी संगणकात भरणं, ई-वे बिल काढणं, ड्रायव्हरला फोन करणं, हे त्याचं खरं काम निघालं.

तर आज रात्री बसून स्वतःलाच विचारा. कुणाची रजा तुमच्या एकट्याच्या सहीनं मंजूर होते? कुणाला कामावर घेण्याचा, काढण्याचा, मेमो देण्याचा अधिकार आहे? किती रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करता? दिवसातले किती तास तुम्ही स्वतः स्क्रीनवर काम करता आणि किती तास दुसऱ्याकडून करून घेता? उत्तरं प्रामाणिक लिहा, मला खूश करायला नको.

तुम्ही कामगार ठरलात तर वाट अशी. समेटासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, तिथे कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे जमलं नाही तर पुढे न्यायनिवाडा, आणि तिथे पुन्हा कामावर घेण्याचा आदेश मिळू शकतो. मुदतीबद्दल माझी एक सवय आहे. नव्या संहितेत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं दिसतात, पण मुंबईत आम्ही वर्षानुवर्षं महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेच्या तक्रारी केल्या, तिथे मुदत ९० दिवसांची. मी अजूनही डायरीत ९० वा दिवसच लाल करून ठेवतो. दोन वर्षं आहेत म्हणून निवांत बसलेला पक्षकार पुरावे हरवून येतो.

कामगार ठरला नाहीत तर दिवाणी कोर्ट. तिथे नोकरी परत मिळत नाही, कारण व्यक्तिगत सेवेचा करार कोर्ट सक्तीनं पाळायला लावत नाही. नुकसानभरपाई मिळते, आणि ती बहुतेकदा नोटिशीच्या पगाराच्या आसपास घुटमळते. तुमच्या बाबतीत तो एक महिना. त्यामुळे तसं असेल तर तुमचा खरा जोर वाटाघाटीवर, कोर्टावर नाही. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण दोन वर्षांनंतर ऐकण्यापेक्षा आज ऐकलेलं बरं.

उद्या, रविवारी, काय करायचं? तुमच्या स्वतःच्या मेलवरून एचआरला आणि तुमच्या साहेबांना साधी, छोटी मेल लिहा. शुक्रवारी अमुक वाजता, अमुक जणांसमोर, मला सोमवारपर्यंत राजीनामा द्यायला सांगितलं गेलं. माझी राजीनामा देण्याची इच्छा नाही. कामाबद्दल काही तक्रार असेल तर लेखी द्यावी, मी उत्तर देईन. वेगळं होण्याचा प्रस्ताव असेल तर रकमा वेगवेगळ्या दाखवून लेखी द्यावा. बस. कायद्याची कलमं नकोत, अन्याय, शोषण हे शब्द नकोत. चार वर्षांनी ही मेल एखादे न्यायाधीश वाचतील असं समजून लिहा.

कागद जमवताना एक खबरदारी. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, अप्रेझल, इन्क्रिमेंटची पत्रं, फॉर्म १६, रजेचा हिशेब, हे तुमचे स्वतःचे कागद आहेत, ते घ्या. पण ग्राहकांच्या याद्या, दर, करार असलं काही स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका. घाबरलेला माणूस हे हमखास करतो, आणि ज्या कंपनीकडे तुमच्याविरुद्ध काहीही नव्हतं तिच्या हातात आयतं गैरवर्तन देतो. आयटीवाले पहिल्याच दिवशी तो लॉग काढतात. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश असतील तर फोन बदलू नका, डिलीट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, मूळ फोन जपलेला असला की ते सोपं जातं.

सोमवारी त्यांनी खरंच काढल्याचं पत्र दिलं तर घ्या, आणि त्यांच्या प्रतीवर ‘मिळालं, मान्य नाही’ लिहून तारीख टाका. पत्र न देता नुसतं ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी जा. गेटवर कार्ड चाललं नाही, सुरक्षारक्षकानं अडवलं, तर तिथूनच मेल करा की मी कामावर हजर व्हायला आलो होतो, आत सोडलं नाही. हे का, तर पुढे कंपनीच्या लेखी जबाबात एक ठरलेलं वाक्य येतं: ‘आम्ही काढलंच नाही, हेच यायचे बंद झाले.’ मी स्वतः हे वाक्य कंपन्यांसाठी लिहिलं आहे. त्याला गेटवरची तारखेची मेल हे सर्वांत चांगलं उत्तर.

आणि हे वाचेपर्यंत सही करून बसला असाल तर? राजीनाम्यात पुढची तारीख असेल, तर ती तारीख येण्याआधी तो लेखी मागे घ्या, आजच्या आज. १९७८ चा एक गमतीदार निकाल आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मे १९७७ मध्ये १ ऑगस्टपासून लागू होईल असा राजीनामा पाठवला आणि जुलैत मागे घेतला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, लागू होण्याची तारीख यायची होती, तेव्हा मागे घेता येतो. नोकरदारांच्या खटल्यांतही हे तत्त्व पुढे वापरलं गेलं आहे. राजीनामा ‘तत्काळ प्रभावानं’ लिहून घेतला असेल तर काम अवघड होतं, म्हणूनच ते तसा लिहून घ्यायला बघतात.

वर्षभराच्या बंदीची अट फार मनाला लावून घेऊ नका. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७: धंदा-नोकरी करण्यावर बंधन घालणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. नोकरी चालू असताना दुसरीकडे जायचं नाही हे बंधन टिकतं, ते १९६७ मध्ये सेंच्युरीच्या कल्याणच्या कारखान्यातल्या कर्मचाऱ्याच्या खटल्यातच ठरलं. करार संपल्यानंतरचं बंधन टिकत नाही, आणि २००६ मध्ये तेच झहीर खानच्या बाजूनं पुन्हा सांगितलं गेलं, जाहिरातींचं काम बघणाऱ्या एजन्सीनं त्याला अडवलं होतं तेव्हा. मात्र गोपनीयतेची अट वेगळी. नव्या ठिकाणी जा, जुन्या ठिकाणची फाइल घेऊन जाऊ नका.

दुसरी नोकरी मिळत असेल तर घ्या, केस त्यानं मरत नाही. मागील पगाराचा दावा तेवढा कमी होतो. २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालानंतर चुकीच्या पद्धतीनं काढलं असेल तर पुन्हा रुजू करून मागील पगार देणं हा सर्वसाधारण नियम मानतात, पण मधल्या काळात कमाई नव्हती हे तुम्हाला सांगावं लागतं. कुठे अर्ज केले, कुठे मुलाखत दिली, याची वही ठेवा. आमच्याकडची वर्षं कॅलेंडरच्या वर्षांपेक्षा लांब असतात.

कंपनीवाले कुणी वाचत असतील तर त्यांनाही दोन शब्द. साकीनाक्याच्या एका कारखानदारानं स्टोअरकीपरला तांब्याचं भंगार नेताना कॅमेऱ्यात पकडलं आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवरच काढून टाकलं. चार्जशीट नाही, चौकशी नाही. माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात पुरावा होता, पद्धत नव्हती. आम्ही लेखी जबाबातच कोर्टासमोर गैरवर्तन सिद्ध करण्याची परवानगी मागून ठेवली होती म्हणून निभावलं. सहा आठवड्यांच्या चौकशीचं काम कोर्टात काही वर्षं चाललं, आणि वकिलाची फी, म्हणजे माझीच, तांब्याच्या किमतीच्या कितीतरी पट झाली. बंद केबिन आणि सोमवारची मुदत हाही तसलाच शॉर्टकट आहे.

राहिला पुढच्या कंपनीला काय सांगतील हा धाक. तडजोड झालीच तर रिलीव्हिंग लेटरचा आणि अनुभवाच्या दाखल्याचा मजकूर शब्दशः ठरवून करारालाच जोडा, आणि कुणी विचारलं तर त्याच मजकुराइतकं उत्तर देऊ असं एचआरकडून त्यात लिहून घ्या. पैसे आणि ही दोन पत्रं एकाच दिवशी, एकाच टेबलावर. ‘लेटर नंतर कुरियरनं पाठवतो’ म्हणाले तर सहीदेखील नंतर कुरियरनं पाठवा.

आता एकच सांगा. ‘सर्व देणी धरून’ हे शब्द त्यांनी कुठे लिहून दिलेत, की अजून सगळं तोंडीच आहे? लिहिलेलं असेल तर तेवढी ओळ जशीच्या तशी इथे टाका, कंपनीचं नाव झाकून.